चक्रीवादळ कितीचं?

कुठे चक्रीवादळ उठलं की मला हमखास फोन येतात. आयुष्य मर्चंट नेव्हीत गेलं, त्यामुळे वाऱ्याशी माझा घरोबा असणार असा नातेवाइकांचा समज आहे. प्रश्नही ठरलेला: "काका, हे कितीचं आहे?" कितीचं म्हणजे कॅटेगरी किती, वाऱ्याच्या वेगावरून वादळाला देतात तो एक ते पाच आकडा. पाच म्हटलं की पलीकडून "बापरे", दोन म्हटलं की "मग ठीक आहे". या "मग ठीक आहे"ने माझं डोकं उठतं.

आकडा खोटा असतो असं माझं म्हणणं नाही. पण तो मोजलेला आहे असं ऐकणाऱ्याला वाटतं, आणि बहुतेक वेळा तो कुणी मोजलेला नसतो. जाणत्या माणसाने चित्र बघून घेतलेला तो अदमास असतो. शिवाय तो वादळाच्या एकाच गुणाबद्दल बोलतो, आणि सगळ्यात जास्त माणसं ज्याने मरतात त्याबद्दल चकार शब्द काढत नाही. म्हणून एकदा सविस्तर लिहितो. पुढच्या वेळी फोन आला की लिंक पाठवून मोकळा.

समुद्राच्या उष्णतेतून चक्रीवादळ जन्मतं हे शाळेत शिकवतात. किती उष्णतेतून, ते फारसं कुणी सांगत नाही. पृष्ठभागाचं पाणी साधारण २६.५ अंश सेल्सिअसच्या वर लागतं. एरिक पाल्मेन या फिनलंडच्या शास्त्रज्ञाने १९४८ साली ही सीमा २६-२७ अंशांच्या आसपास असल्याचं दाखवलं. पुढे १९६८ मध्ये अमेरिकेच्या विल्यम ग्रे यांनी जन्माच्या सगळ्या अटी एकत्र मांडल्या. नुसता वरचा पापुद्रा तापून भागत नाही, पन्नासेक मीटर खोलीपर्यंत पाणी गरम हवं. कारण वारा वाढला की तो समुद्र घुसळतो आणि खालचं थंड पाणी वर येतं. गरम थर पातळ असला तर वादळ आपल्याच घुसळणीने आपलं इंधन गार करून बसतं. एका जागी रेंगाळणारी वादळं पुष्कळदा अशीच मरतात. बंगालच्या उपसागराच्या उत्तर भागात थोडं वेगळं आहे. तिथे नद्यांनी आणलेलं गोडं पाणी हलकं असल्याने वर पसरून राहतं आणि खालच्या खाऱ्या पाण्यात सहजी मिसळत नाही. त्यामुळे पावसाळा संपल्यावर तिथे घुसळणीनेही पृष्ठभाग म्हणावा तसा गार होत नाही.

आता उष्णता समुद्रातून वाऱ्यात जाते कशी? पाण्याची वाफ होताना समुद्राची उष्णता तिच्यात दडून बसते. ती वाफ हवेबरोबर वर चढते, थंड होते, तिचे पुन्हा थेंब होतात आणि दडलेली उष्णता तिथे, कित्येक किलोमीटर उंचीवर सुटते. एक किलो वाफेचं पाणी झालं की साधारण २५ लाख जूल. ऐकायला काही विशेष वाटत नाही, म्हणून हिशेबच करू. बऱ्यापैकी मोठं वादळ धरा. केंद्रापासून ६६५ किलोमीटर त्रिज्येच्या वर्तुळात दिवसाला सरासरी दीड सेंटिमीटर पाऊस. दीड सेंटिमीटर म्हणजे किरकोळच. पण या वर्तुळावर तो पडला की दिवसाला २,००० कोटी टनांहून अधिक पाणी होतं. त्याला २५ लाख जूलने गुणा, दिवसाच्या सेकंदांनी भागा. उत्तर येतं सहावर चौदा शून्यं, इतके वॉट. जगातल्या यच्चयावत वीजकेंद्रांची क्षमता एकत्र केली तरी हा आकडा तिच्या कित्येक पट निघतो. आणि आपल्याला जो वारा दिसतो, ज्याच्यावरून कॅटेगरी ठरते, त्याच्या वाट्याला यातला जेमतेम चारशेवा हिस्सा येतो. बाकी सगळी उष्णता हवा वर ढकलण्यात आणि आकाशात परत फेकण्यात जाते. या वादळांना थोपवण्यासाठी ढगांवर रसायनं फवारण्याच्या कल्पना अधूनमधून निघतात, त्यांच्याकडे मी याच हिशेबाने बघतो. अमेरिकेने १९६२ ते १९८३ अशी वीसेक वर्षं 'स्टॉर्मफ्युरी' नावाचा प्रकल्प चालवला होता. विमानांतून सिल्व्हर आयोडाइड टाकून वादळ कमजोर करायचं असा बेत. वादळात जे बदल दिसले ते न फवारताही आपोआप होतात असं लक्षात आलं आणि प्रकल्प गुंडाळला.

वर सुटलेल्या उष्णतेने हवेचा तो स्तंभ आजूबाजूपेक्षा गरम आणि हलका होतो. माथ्याशी, बारा-पंधरा किलोमीटरवर, हवा चहूकडे पसरून बाहेर जाते. वरून जितकी हवा निघून जाते तितकी खालून आत आली नाही तर जमिनीलगतचा दाब उतरतो. दाब उतरला की भोवतालची हवा जोराने आत येते, समुद्रावरून येताना आणखी वाफ घेऊन येते, आणि वारा जितका जोराचा तितकं बाष्पीभवनही जास्त. चक्र स्वतःच स्वतःला फिरवू लागतं. अमेरिकन हवामानशास्त्रज्ञ केरी इमॅन्युएल यांनी १९८६ मध्ये हे गणितात बसवून दाखवलं.

असं असेल तर गरम समुद्रावर रोज वादळं का होत नाहीत? गडगडाटी ढगांचे पुंजके तर सतत उठत असतात, आणि वर्षाकाठी जगभरात नाव देण्याजोगी वादळं होतात ऐंशी-नव्वद. कारण बाकीच्या अटी चिकट आहेत. मधल्या उंचीवरची हवा कोरडी असली की चढणारे ढग तिथेच सुकतात. वरचा आणि खालचा वारा यांचा वेग किंवा दिशा फार वेगळी असली, तर जहाजाचं धुराडं तिरकं व्हावं तसा गरम हवेचा स्तंभ कलतो. उष्णता एकीकडे, केंद्र दुसरीकडे, आणि दाब काही उतरत नाही. अरबी समुद्र आणि बंगालचा उपसागर जुलै-ऑगस्टमध्ये गरमच असतात, तरी मोठी वादळं येतात ती मे-जूनच्या सुरुवातीला नाहीतर ऑक्टोबर-नोव्हेंबर-डिसेंबरात. ऐन मोसमी पावसात खाली नैर्ऋत्येचा वारा आणि वर पूर्वेचा वेगवान झोत अशी ओढाताण चालू असते, तीच त्यांना मोठं होऊ देत नाही.

शेवटची अट पृथ्वीच्या फिरण्याची. आत येणाऱ्या हवेला उत्तर गोलार्धात उजवीकडे आणि दक्षिण गोलार्धात डावीकडे वळवणारा कोरिऑलिस परिणाम विषुववृत्तावर शून्य असतो. वळण नाही मिळालं तर हवा सरळ कमी दाबाच्या खड्ड्यात येऊन खड्डा भरून टाकते. म्हणून विषुववृत्ताच्या दोन्ही अंगांना पाचेक अंशांचा पट्टा जवळजवळ मोकळा असतो. जवळजवळच, कारण डिसेंबर २००१ मध्ये 'वामेई' नावाचं वादळ सिंगापूरजवळ अवघ्या दीड अंश उत्तरेला तयार झालं होतं. असे अपवाद मला आवडतात. नियम सांगणाऱ्यांनाही ते जमिनीवर ठेवतात.

फिरत आत येणारी हवा जसजशी केंद्राजवळ येते तसतसा तिचा वेग वाढतो आणि एका अंतरानंतर तिला आणखी आत शिरताच येत नाही. तिथेच ती वर उसळते, आणि ढगांचं उभं कडं तयार होतं. त्याला डोळ्याची भिंत म्हणतात. सगळ्यात भयंकर वारा याच भिंतीत. आतल्या बाजूला हवा सावकाश खाली उतरते, उतरताना दाबली जाऊन तापते आणि सुकते, म्हणून डोळ्यात ढग विरळ. साधारणपणे डोळा तीस ते साठ-पासष्ट किलोमीटर रुंद असतो. २००५ च्या 'विल्मा'चा डोळा चार किलोमीटरही नव्हता. जितका लहान आणि गोल तितकी मला त्याची जास्त भीती.

आता मोजमाप. माझ्या दृष्टीने वादळाची एकच गोष्ट खरोखर मोजता येते आणि ती म्हणजे हवेचा दाब.

उष्ण कटिबंधात बॅरोमीटर एरवी घड्याळासारखा वागतो. सकाळी दहाच्या सुमारास वर, दुपारी चारला खाली, रात्री दहाला पुन्हा वर, पहाटे चारला पुन्हा खाली. फरक दोन-तीन मिलिबारचा. दिवसेंदिवस तेच ते. म्हणून जहाजावर नियम असा की वेळेनुसारची ही घट-वाढ वजा केल्यावरही त्या मोसमाच्या सरासरीपेक्षा दाब तीन मिलिबार खाली असेल तर संशय घ्यायचा. पाच खाली असेल तर संशयाला जागाच नाही, जवळपास वादळ आहे.

पश्चिम पॅसिफिकमध्ये सेकंड मेट, म्हणजे कॅप्टनच्या हाताखालचा अधिकारी असताना दुपारी बारा ते चारची वॉच, म्हणजे पहाऱ्याची पाळी, माझी होती. त्या वेळात दाब उतरतोच, त्यामुळे उतरती रेघ बघून कुणी दचकत नाही. त्या दिवशी चारनंतर तो चढला नाही. सहाला तिथेच, आठला आणखी खाली. जुने कॅप्टन बॅरोमीटरला ग्लास म्हणायचे, आमचेही म्हणत.

"ग्लास काय म्हणतंय?"

"तीनने खाली आहे, सर."

"वेळेची दुरुस्ती करून?"

"करूनच."

त्यांनी बाहेर जाऊन पूर्वेकडे बघितलं. वारा अजून साधाच होता, पण पूर्वेकडून लांब, सावकाश उसळ येत होती. दोन लाटांमध्ये इतकं अंतर की जहाज डोलताना आपण मोजत बसावं. अशी उसळ जवळच्या वाऱ्याची नसते, ती शेकडो मैलांवरून वादळाच्या पुढे धावत आलेली असते. मग वाऱ्याकडे तोंड करून उभं राहायचं: उत्तर गोलार्धात केंद्र तुमच्या उजव्या हाताला, जरासं पाठीमागे. डच हवामानशास्त्रज्ञ बाइस बॅलट यांचा १८५७ चा नियम, अजून चालतो. रात्रभर ईशान्येचा वारा उत्तरेकडे आणि उत्तरेचा वायव्येकडे सरकत गेला. म्हणजे आम्ही वादळाच्या वाटेच्या डाव्या अंगाला होतो, त्यातल्या त्यात बऱ्या बाजूला. उजव्या अंगाला वादळाचा पुढे सरकण्याचा वेग वाऱ्यात मिळवला जातो, डाव्या अंगाला वजा होतो. शिवाय उजवीकडचा वारा जहाजाला वादळाच्या वाटेवरच ओढत नेतो. आम्ही वारा उजव्या अंगाच्या मागच्या बाजूला घेऊन दक्षिणेकडे पळालो. बॅरोग्राफच्या, म्हणजे दाब आपोआप नोंदणाऱ्या यंत्राच्या कागदावरची रेघ ९८८ मिलिबारपर्यंत आली. प्रत्येक झोतासरशी पेन थरथरत होतं, त्यामुळे तिथे रेघ राहिलीच नव्हती, शाईचा जाड पट्टा झाला होता. केंद्र आमच्यापासून दूरच गेलं. तिथे वारा किती होता हे मला आजही सांगता येणार नाही, पण आमच्या जागेचा दाब काय होता हे मी छातीठोकपणे सांगू शकतो. माझ्या म्हणण्याचं मूळ इथे आहे.

समुद्रसपाटीवरचा आजवरचा सगळ्यात कमी दाब १२ ऑक्टोबर १९७९ रोजी पश्चिम पॅसिफिकमधल्या 'टिप' टायफूनमध्ये नोंदला गेला, ८७० मिलिबार. सर्वसाधारण दाब १०१३. म्हणजे तिथे डोक्यावरच्या हवेचा सातवा हिस्सा गायब होता. विमानातून वादळात सोडलेल्या उपकरणाने घेतलेली ही नोंद आहे, त्यामुळे तिच्यावर वाद नाही.

वाऱ्याचं असं नाही. जहाजावर वारा आम्ही समुद्राच्या चेहऱ्यावरून ओळखायचो. फ्रान्सिस ब्यूफर्ट या आरमारी अधिकाऱ्याने १८०५ मध्ये केलेली श्रेणी शून्य ते बारा. लाटांची टोकं फुटायला लागली, फेसाचे पट्टे वाऱ्याच्या दिशेने ओढले गेले, तुषारांनी दिसेनासं झालं, अशा खुणा. बारा म्हणजे हवा फेसाने भरलेली आणि समुद्र पांढराफटक. त्यापुढे ओळखण्यासारखं काही उरतच नाही. बाराची सुरुवात ६४ नॉटला, ताशी ११८ किलोमीटरला. आज अटलांटिकमध्ये 'हरिकेन' आणि पॅसिफिकमध्ये 'टायफून' म्हणायला वारा जितका लागतो तो हाच आकडा.

बरं, वारा सतत एकसारखा नसतो. मग सरासरी घ्यायची, पण किती वेळाची? अमेरिकेत एक मिनिटाची, भारतीय हवामान खात्यात तीन मिनिटांची, जपान-ऑस्ट्रेलियात दहा मिनिटांची. वेळ जितका जास्त तितकी सरासरी खाली. त्याच वादळाचा त्याच क्षणीचा आकडा यामुळे दहाएक टक्क्यांनी इकडेतिकडे होतो, आणि मग समाजमाध्यमांवर "आपलं खातं कमी सांगतंय" अशी बोंब होते. कोणी कमी-जास्त सांगत नसतं, काटे वेगळे आहेत.

श्रेण्याही वेगळ्या. आपल्याकडे ताशी ३१ किलोमीटरला डिप्रेशन, ५० ला डीप डिप्रेशन, ६२ ला चक्रीवादळ होऊन नाव मिळतं, ८९ ला तीव्र, ११८ ला अतितीव्र, १६८ ला त्याहून वरची पायरी आणि २२२ ला सुपर सायक्लोन. अमेरिकेची एक ते पाच श्रेणी ११९ पासून सुरू होते आणि २५२ ला पाच लागते. ऑस्ट्रेलियाची श्रेणीही एक ते पाचच, पण तिथली तीन जिथे सुरू होते तिथे अमेरिकेची एक सुरू होते. त्यामुळे "कॅटेगरी तीन" एवढंच ऐकून मी काहीच बोलत नाही, आधी विचारतो कुठली.

अमेरिकन श्रेणी हर्बर्ट सॅफर या इंजिनिअरची. १९६९ मध्ये ते वादळी प्रदेशातल्या स्वस्त घरांचा अभ्यास करत होते, आणि कुठल्या वाऱ्यात घराचं काय होतं याचा कोष्टक त्यांना हवा होता. रॉबर्ट सिम्पसन तेव्हा अमेरिकेच्या हरिकेन केंद्राचे प्रमुख होते. त्यांनी त्यात दाब आणि समुद्राच्या फुगवट्याचे, म्हणजे वादळाने किनाऱ्यावर किती पाणी चढतं त्याचे, आकडे घातले. २०१० मध्ये ते दोन्ही काढून टाकले, कारण फुगवटा वाऱ्याच्या आकड्याला मुळीच बांधील नसतो. उरलं ते सॅफर यांचं मूळ कोष्टक: घर वाऱ्यापुढे टिकेल का. त्या कामासाठी ते चांगलं आहे. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो, १२० चा वारा २४० झाला की भिंतीवरचा जोर चौपट.

पण भर समुद्रातल्या वादळाचा वारा मोजायला तिथे असतं कोण? शहाणं जहाज तर केव्हाच पळालेलं असतं. इथे अदमास येतो. व्हर्नन ड्वोरॅक या अमेरिकन हवामानतज्ज्ञाने १९७० च्या दशकात उपग्रहाच्या चित्रावरून वादळाची ताकद ठरवायची पद्धत बसवली, आणि आजही जगातल्या बहुतेक वादळांचा आकडा तिच्यातूनच निघतो. ढगांचा वळणदार पट्टा केंद्राभोवती किती गुंडाळला गेला आहे ते बघायचं. अर्ध्या वर्तुळाइतका असेल तर 'टी नंबर', म्हणजे या पद्धतीतला ताकदीचा आकडा, साधारण अडीच, पूर्ण वर्तुळ झालं तर साडेतीन. डोळा दिसायला लागला की इन्फ्रारेड चित्रात डोळ्यातलं तापमान आणि भोवतालच्या ढगमाथ्यांचं तापमान ताडून बघायचं. डोळा जितका उबदार आणि कडं जितकं थंड, उणे सत्तर-ऐंशी अंशांपर्यंत, तितका नंबर मोठा. अडीच म्हणजे ३५ नॉट, चार म्हणजे ६५, सात म्हणजे १४०, आठ म्हणजे १७०, तिथे कोष्टक संपतं. ओडिशाच्या १९९९ च्या सुपर सायक्लोनचा ताशी २६० किलोमीटर हा आकडा सगळ्यांनी ऐकलेला आहे. १४० नॉटचे किलोमीटर करा, २५९ येतात. टी नंबर सात.

ही पद्धत मला मनापासून आवडते. ब्यूफर्टचा अधिकारी समुद्राचा चेहरा वाचायचा, ड्वोरॅकचा विश्लेषक ढगांचा वाचतो. पण दोन अनुभवी विश्लेषकांत अर्ध्या नंबराचा फरक सहज पडतो, आणि वरच्या टोकाला अर्धा नंबर म्हणजे ताशी पंचवीसेक किलोमीटर. तेवढ्याने कॅटेगरी बदलू शकते. बातमीत मात्र "२५१ वरून २५३ वर पोचलं" असं थाटात सांगतात.

खरं मोजायचं तर विमान आत न्यावं लागतं. त्याची सुरुवात एका पैजेतून झाली. २७ जुलै १९४३ ला कर्नल जोसेफ डकवर्थ साधं प्रशिक्षणाचं विमान घेऊन टेक्सासमधल्या गॅल्व्हेस्टनजवळच्या वादळाच्या डोळ्यात शिरले आणि परत आले. आता विमानातून ड्रॉपसाँड सोडतात. छोट्या पॅराशूटला लटकलेली नळी खाली पडता पडता दाब, तापमान, दमटपणा आणि वारा कळवत जाते. हे नेमाने चालतं ते मुख्यतः अटलांटिकमध्ये आणि मेक्सिकोच्या आसपास. पश्चिम पॅसिफिकमधली अमेरिकेची नित्याची उड्डाणं १९८७ मध्ये थांबली, म्हणजे जगातली सगळ्यात जबरदस्त वादळं जिथे होतात तिथेच. २०१५ मध्ये मेक्सिकोजवळच्या 'पॅट्रिशिया'त विमानं गेली म्हणून कळलं की वारा १८५ नॉट, ताशी ३४५ किलोमीटर आहे. ड्वोरॅकचं कोष्टक १७० ला संपतं, उपग्रहाला हा आकडा देताच आला नसता. ऑक्टोबर २०२३ च्या 'ओटिस'ने तर चोवीस तासांत वाऱ्याचा वेग ताशी १८५ किलोमीटरने वाढवला आणि कॅटेगरी पाच होऊन अकापुल्कोवर आदळलं. चोवीस तासांत ५५ ची वाढ झाली तरी तिला झपाट्याची वाढ म्हणतात.

इतकं सगळं वाऱ्याबद्दल. माणसं मात्र जास्त करून पाण्याने मरतात.

दाब एक मिलिबारने उतरला की समुद्र साधारण एक सेंटिमीटर वर येतो. ओडिशाच्या वादळाचा केंद्राचा दाब ९१२ धरला तर यातून जेमतेम मीटरभर उंची मिळते. प्रत्यक्षात पाणी पाच-सहा मीटर चढलं होतं. बाकीचं सगळं वाऱ्याने किनाऱ्याकडे लोटलेलं पाणी. ते किती चढेल हे वादळ किती रुंद आहे, कुठल्या कोनातून येतं आहे, भरती आहे की ओहोटी आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तळ किती उथळ आहे यावर ठरतं. खोल समुद्राच्या किनाऱ्यावर लोटलेलं पाणी खालून परत जातं. उथळ तळावर त्याला परत जायला जागा नसते. बंगालच्या उपसागराचं टोक उथळही आहे आणि नरसाळ्यासारखं निमुळतंही. १२ नोव्हेंबर १९७० च्या रात्री आताच्या बांगलादेशातल्या भोलाच्या वादळाने तिथे ऐन भरतीला पाणी आत घातलं. मेलेल्यांचा अंदाज तीन ते पाच लाख. २००८ मध्ये म्यानमारच्या इरावती नदीच्या मुखाशी आलेलं 'नर्गिस' आपल्या खात्याच्या हिशेबाने ताशी १६५ किलोमीटरचं होतं, सुपर सायक्लोनच्या जवळपासही नाही. मृत आणि बेपत्ता मिळून १ लाख ३८ हजार.

'कॅट्रिना' २००५ मध्ये अमेरिकेच्या किनाऱ्याला लागलं तेव्हा तीनवर उतरलेलं होतं. पण भर समुद्रात पाचवर असताना त्याने जे पाणी लोटलं ते वारा कमी झाला म्हणून थोडंच माघारी गेलं? ते साडेआठ मीटरपर्यंत चढलं. पावसाचं तर गणितच निराळं. वारा किती यापेक्षा वादळ किती रेंगाळतं यावर पाऊस ठरतो. २०१७ चं 'हार्वी' किनाऱ्यावर आल्यावर लवकरच हरिकेन राहिलंही नाही, पण टेक्सासवर रेंगाळलं आणि एका ठिकाणी १,५३९ मिलिमीटर पाऊस पाडून गेलं.

आणि आकार. 'टिप' एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत २,२०० किलोमीटर पसरलं होतं. १९७४ च्या नाताळात ऑस्ट्रेलियातलं डार्विन शहर उद्ध्वस्त करणाऱ्या 'ट्रेसी'चा वादळी वारा केंद्रापासून पन्नासेक किलोमीटरच्या पलीकडे नव्हता. कॅटेगरीत आकाराला जागा नाही.

२०१२ चं 'सँडी' या सगळ्याचं एकत्र उदाहरण आहे. २९ ऑक्टोबरला न्यू जर्सीच्या किनाऱ्याला लागताना त्याचा वारा ताशी १३० किलोमीटर होता, म्हणजे वेगाने बघितलं तर कॅटेगरी एक. त्यातही थोडा वेळ आधी त्याचा उष्ण कटिबंधी स्वभाव गेल्यामुळे तांत्रिकदृष्ट्या ते हरिकेनच उरलं नव्हतं. तेव्हाचे नियम असे की हरिकेन नाही तर हरिकेनचा इशाराही नाही, त्यामुळे उत्तरेकडच्या किनाऱ्यावर तो लावलाच गेला नाही. वादळ प्रचंड रुंद होतं, भरतीची वेळ होती, आणि न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत समुद्र शिरला. २०१३ मध्ये तो नियम बदलला. आता वादळाची जात बदलली तरी इशारा चालू ठेवता येतो. २०१७ पासून तिथलं हरिकेन केंद्र समुद्राच्या फुगवट्याचा इशारा वेगळा काढतं, नकाशावर वेगळ्या रंगात, आणि वाऱ्याची कॅटेगरी त्याला आडवी येत नाही.